मला बसमध्ये लागते

४ मार्च

वहिनी,

मोडक्या कमरेच्या नणंदेचा नमस्कार घे. कंबर गेली, मान धरली, एका मोज्याचा पत्ता नाही. बाकी सर्व क्षेम.

फोन मुद्दाम घरी ठेवून आले, नाहीतर दादाने दर तासाला "पोचलीस का, जेवलीस का" करून माझा पिच्छा पुरवला असता. पण काल रात्री पहिल्यांदा फोनची आठवण आली, कारण तुला ताबडतोब शिव्या घालायच्या होत्या. आता या वसतिगृहाच्या कॉम्प्युटरवर बसून घालते. मागे तीन पोरं रांगेत उभी राहून उसासे टाकतायत. टाकू देत.

काय ठरलं होतं आपलं? मी निवृत्त झाले त्याच महिन्यात ठरलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या बनवल्या, आता स्वतःच्या दातांनी जरा जग चावून बघते, असं मी म्हटलं आणि तू शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणालीस, "मी पण येते." तू म्हणालीस! मी गळ घातली नव्हती. आठ महिने आपण जिन्यात बसून नकाशे बघितले. पाठीवरच्या पिशव्या आणल्या, तू दोन्हींचे पट्टे उसवून आपापल्या खांद्यांच्या मापाने पुन्हा शिवलेस. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या सख्ख्या भावाच्या छातीत दुखायला लागलं. वा रे वा! सत्तावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून ज्याला कधी साधी शिंक आली नाही, त्याला नेमकं तेव्हाच दुखायला लागलं.

असो. बसचं ऐक. तिकीट खिडकीवरच्या माणसाने दोन्ही तळवे गालाखाली ठेवून डोळे मिटून दाखवले. मी म्हटलं, झोपायची बस! चादर, उशी, पडदा. आत गेले तर साध्या खुर्च्या. पाठ चार बोटं मागे जाते, त्याला हे लोक झोपणं म्हणतात. माझी तर तेवढीही गेली नाही. पुढच्याची मात्र अशी गेली की त्याचं डोकं थेट माझ्या मांडीवर. तोंड उघडं टाकून अकरा तास घोरला. मी दुसरं काय करणार? त्याचे दात तपासले. वरच्या डाव्या दोन दाढा नाहीत, आणि खालची कवळी ज्या कोणी केली त्याला मी आमच्या कारखान्यात झाडू मारायलाही ठेवला नसता. हिरडीचा रंग बघवत नव्हता.

तुझी सीट रिकामी बघून कंडक्टरने तिथे कांद्याचं पोतं आणून बसवलं. बसवलं म्हणजे चक्क पट्टा लावून बसवलं. वळण आलं की ते माझ्या अंगावर कलायचं. डोक्यावर एक भोक, त्यातून बर्फासारखं वारं. त्यात मोजा कोंबला, म्हणून मोजा गेला. समोर पडद्यावर रात्रभर मारामारीचा सिनेमा, आवाज बंद करायचं बटण मोडलेलं. बसच्या शेवटी बाथरूम आहे असं तिकिटावर चित्र होतं. जाऊन बघितलं तर दार तारेने बांधलेलं, आत दोन जादा चाकं आणि केरसुणी. बस अकरा तासांत एकदाच थांबली, रात्री एक वाजता. तिथल्या व्यवस्थेचं वर्णन करत नाही, तू जेवताना वाचशील. त्यात पहाटे पाण्याची बाटली सांडून माझी पँट भिजली. सकाळी पोत्यामागे लपून उतरले.

तर आता मुद्द्याचं. तुझ्या विमानाच्या तिकिटाची तारीख एकदाच बदलता येते, आणि तीही बावीसच्या आत. मी अठ्ठावीसपर्यंत याच गावात मुक्काम ठोकते. इथून पुढची बस बारा तासांची, रात्रीचीच. ती आपण दोघींनी मिळून सोसायची. दादाला म्हणावं, छातीचं वेळापत्रक जरा बदल.

तुझी,
कांद्याशेजारची

६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या जागी कांदा बसवलात, बरं केलंत. घरातही आता फरक कुणाला कळणार नाही.

ह्यांच्या छातीची पट्टी काढली, ईसीजीची, ती ठीक आली. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. तरी आठ दिवस विश्रांती घ्या म्हणाले, म्हणून ते आठ दिवस खुर्चीत बसून मला अंडं कसं उकडायचं ते सांगतायत. काल स्वतः उकडायला गेले. पाणी आटलं, अंडं फुटलं, छताला एक पिवळा ठिपका लागलाय. तो पुसायला शिडी लागेल आणि शिडी तुमच्या खोलीत आहे आणि खोलीची किल्ली तुम्ही बरोबर नेलीत.

माझं म्हणाल तर कामाचा ढीग आहे. त्या वाद्यवृंदाने सतरा कोट आणून टाकलेत. सगळ्यांची पोटं सुटली आणि सगळ्यांना ती एका आठवड्यात कोटात बसवून हवीत. मोठा ढोलवाला आहे ना, त्याच्या कोटाला दोन्हीकडून पट्ट्या घातल्या तरी बटण काजापर्यंत पोचत नाही. असं सोडून कसं यायचं?

आणि खरं सांगायचं तर वन्सं, मला बसमध्ये लागते. पूर्वी नव्हतं, आता चारेक वर्षं झाली. तुम्हाला सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं. अकरा तासांत एकदाच थांबते म्हणता, मग माझ्यासारखीने काय करायचं? ते मागचं दार तारेने बांधलेलं होतं, तसं तिथे सगळ्याच बसमध्ये असतं का? एवढं विचारून कळवा. सहज विचारतेय.

ह्यांच्याजवळ हा विषय काढू नका. त्यांना टोचून बोलायचंही बंद करा.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

हात्तिच्या! एवढंच ना? मी म्हटलं केवढं काय असेल!

अगं, बस निम्म्या जगाला लागते. आमच्या कारखान्यातला साचेवाला नुसता बसचा फोटो बघून हिरवा व्हायचा. यात सांगायला राहून जाण्यासारखं काय आहे? आठ महिने माझ्याशेजारी जिन्यात बसून नकाशे बघितलेस आणि ही गोष्ट तोंडातून निघाली नाही? कमाल आहे तुझी.

आता नीट ऐक, मी इथल्या सगळ्या भटक्या पोरींना विचारून आलेय. पहिलं म्हणजे पाणी. भरपूर पाणी प्यायचं. निघायच्या आधी एक लोटा, आणि बसमध्ये दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. पोट रिकामं ठेवायचं नाही. दुसरं, पुढची सीट घ्यायची आणि लांब नजर लावून बसायचं. लिंबू हुंगायचं. तिसरं आणि महत्त्वाचं, आलं की धरून ठेवायचं नाही! धरून ठेवलं की जास्त त्रास. सरळ मोकळं व्हायचं. तुझ्या पुढ्यात मी पिशवी धरीन. लाजायचं कशाला? या बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही, आणि बघितलं तर बघितलं, पुन्हा कुठे भेटणार आहेत? परवा एका गोऱ्यागोमट्या मुलाने भर बसमध्ये उरकलं. शेजारच्याने पाठीवर थोपटलं, कंडक्टरने भुसा टाकला, विषय संपला.

दाराचं म्हणशील तर कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, सगळीकडे असंच. पण तुला त्या दाराशी काय करायचंय? पिशवी आहे ना.

दादाबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. लहानपणापासून नाटकी तो. गणिताचा पेपर असला की पाय मुरगळायचा, कधी डावा, कधी उजवा, एकदा तर सकाळी डावा आणि दुपारी उजवा. आईला खरं वाटायचं, मला कधीच नाही. बायको महिनाभर घराबाहेर जाणार म्हटल्यावर त्याला चहा कोण देणार हे दुखणं होतं. ते छातीत नव्हतं. आणि तू त्याला पाठीशी घालतेस! चौतीस वर्षं घालते आहेस. स्पष्ट सांग त्याला, की मी चालले. अंडी छताला लागोत नाहीतर शेजाऱ्याच्या टाळूला.

बावीस तारीख. विसरू नकोस.

तुझी नणंद

१० मार्च

वन्सं,

भरपूर पाणी पी! धरून ठेवू नकोस, मोकळी हो! धन्य आहे तुमची. मी तुमचं पत्र वाचताना हसले की रडले ते मलाच कळलं नाही, पण जे झालं त्याने मला उठून कपडे बदलावे लागले.

मला बस लागत नाही. मला लागते. लघवी. घ्या, लिहिलं. फोनवर एका बोटाने लिहिताना हा शब्द चार वेळा पुसला, म्हणून मागच्या वेळी नुसतं "लागते" राहिलं. मला वाटलं बाईमाणूस आहात, कळेल. तुम्ही लिंबू हुंगायला सांगितलंत.

चार वर्षं झाली. आधी शिंकताना, मग खोकताना, मग हसताना. आता नुसतं नळाचं पाणी ऐकलं तरी. यंत्रापासून बाथरूम नऊ पावलं आहे. सातव्या पावलाला माझा जीव गळ्याशी येतो. रात्री चारदा उठते. भाजीबाजाराच्या पलीकडे मी गेले नाही हे तुमच्या लक्षात आलंय का कधी? या गावातल्या कुठल्या दुकानात मागे बाथरूम आहे आणि कुठला दुकानदार किल्ली देतो, हे माझ्याइतकं नगरपालिकेलाही माहीत नसेल. तुमच्या निरोपसमारंभातून केक कापायच्या आधी निघून गेले होते ना? तुम्ही आठ दिवस माझ्याशी तुटक बोललात. तुमच्या साहेबांनी भाषणात तो कवळी हरवलेल्या म्हाताऱ्याचा विनोद सांगितला आणि मी हसले, वन्सं. म्हणून गेले.

जिन्यात नकाशे बघत होतो तेव्हा तुम्ही डोंगर दाखवायचात आणि मी थांबे मोजायचे. पण यायचं होतं मला. खोटं नाही सांगत, जन्मात कशासाठी एवढी आसुसले नव्हते. म्हणून आदल्या दिवशी सवय करायला म्हणून गावाबाहेर जाणाऱ्या बसमध्ये बसले. चाळीस मिनिटं. मग उतरले, कोट कंबरेभोवती गुंडाळला आणि आठ मैल चालत घरी आले. हे दारात उभे होते. त्यांनी कोट बघितला, माझं तोंड बघितलं. पाणी तापवून दिलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तिला काय सांगायचं?" मी म्हटलं, काहीही सांगा, पण हे सांगू नका. ते उठले, तुमच्या जिन्यापाशी गेले, छातीवर हात ठेवला आणि खाली बसले.

तर हो, नाटकी आहेत तुमचे दादा. तुमच्या शिव्या खात आठ दिवस खुर्चीत बसलेत आणि पट्टी काढायच्या वेळी डॉक्टरांसमोर कण्हले सुद्धा. पुन्हा त्यांना नाटकी म्हणायचं असेल तर मला पत्र लिहू नका.

तुमची कीव मला नको. रांगेतल्या पोरांना मराठी येत नाही ना, तेवढं बघून हे पत्र पुसा.

वहिनी

११ मार्च

वहिनी,

पत्र पुसलं. त्याआधी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लिंबावर हसले, दुसऱ्यांदा कोटापाशी आले आणि इथेच रडायला लागले. रांगेतला पहिला पोरगा घाबरून कागदी रुमाल घेऊन आला.

दादाला म्हणावं, माझी चूक झाली. नको, काही म्हणू नकोस, मला कळलंय हे त्याला कळलं तर तो लाजून खरंच आजारी पडेल. आणि केकचं मनात धरलं होतं त्याबद्दल तू मला दोन थोबाडीत मार. माझ्या डोक्यात काय काय आलं होतं! हिला माझं कौतुक बघवलं नाही, इथपर्यंत गेले होते मी.

आता माझं ऐक. ती पाण्याची बाटली नव्हती.

एक वाजता बस थांबली तेव्हा मी उतरलेच नाही. बाहेर काळोख, बाप्यांची गर्दी, म्हटलं, निभेल. तीन वाजता कळलं की निभत नाही. ड्रायव्हरपाशी जाऊन हात जोडले, पोट दाबून दाखवलं. त्याने मान न वळवता बोट हलवलं, नाही म्हणून. परत येऊन बसले आणि चार वाजता झालं जे व्हायचं ते. चोपन्न वर्षांची बाई मी. पुढच्याचं डोकं मांडीवर होतं ते झटक्यात ढकललं, तेवढाच काय तो विचार सुचला. पलीकडच्या सीटवर एक म्हातारी होती. तिने बघितलं. काही बोलली असती तरी मला कळलं नसतं. तिने पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढून माझ्याखाली घातलं, स्वतःकडे बोट केलं आणि दोन बोटं वर केली. दोनदा झालंय म्हणे तिचं, याच बसमध्ये. मग वळून झोपली.

तुला पहिलं पत्र लिहायला बसले आणि हात आपोआप 'पाण्याची बाटली' लिहून गेला. कसली लाज गं ही? तीस वर्षं आपले कपडे एका दोरीवर वाळतात.

माझं एकदाच झालं आणि तुझं रोजचं आहे, हे मला कळतं. म्हणून सांगते, डॉक्टरकडे जा. बायकांच्या. एकतीस वर्षं माझ्याकडे माणसं तोंडावर रुमाल धरून यायची. बोळक्या तोंडाची लाज वाटते सगळ्यांना. पण यायची, आणि काही ना काही करता यायचं. तू चार वर्षं रुमाल धरून घरात बसलीस. उठ आता.

यायलाच हवं असं नाही. तू नाही आलीस तर मी पुढे एकटी जाईन आणि परत येऊन तुला सगळं सांगेन. पण मला तू हवी आहेस, वहिनी. कांद्याबरोबर मला कंटाळा येतो.

तुझी नणंद

१७ मार्च

वहिनी,

सहा दिवस झाले. रागावली आहेस की गेलीस डॉक्टरकडे की दादाने घराला आग लावली? एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

मी रोज तीनदा कॉम्प्युटर बघते. पोरांनी आता माझ्यासाठी रांगेत जागा धरायला सुरुवात केलीये.

तुझी

२० मार्च

वन्सं,

आग लावली नाही. एका चमच्याचं हँडल वितळवलंय फक्त.

तुमच्या पत्रावर पहिले दोन दिवस मी चिडूनच होते. कशावर ते विचारू नका. मग तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीची दोन बोटं सारखी डोळ्यांसमोर यायला लागली आणि मी डॉक्टरचा नंबर लावला. सोमवारचा मिळाला.

बाई काडीसारखी, बोलणं फटाफट. विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, चार. म्हणाली, "आणि आज आलात?" मी म्हटलं, वेळ मिळाला नाही. तिने चष्म्यावरून बघितलं (चष्मा ह्यांच्या दुकानातला होता, मी दांडी ओळखली). म्हणाली, "बाहेर बाकावर किती जणी बसल्यात?" मी म्हटलं, नऊ. "त्यातल्या चार याचसाठी आल्यात. त्यांनाही वेळ मिळाला नव्हता." मला बाहेर येऊन त्या चौघी कोण असतील ते शोधायचा मोह झाला. एकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघीही भिंतीवरचं बाळाचं चित्र बघायला लागलो.

तर, आतले स्नायू सैल पडलेत. आखडायचे, दहा मोजायचे, सोडायचे. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा. शिवताना कुणाला कळत सुद्धा नाही. काल ढोलवाल्याच्या पोटाला टेप लावून उभी होते आणि माझी मोजणी चालली होती. त्याला वाटलं त्याचं माप मोजतेय, तो श्वास धरून उभा राहिला बिचारा. चहा निम्म्यावर आणलाय. रात्रीची एक गोळी आहे. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील म्हणाली, आणि अगदी पहिल्यासारखं होईलच असं वचन देत नाही म्हणाली.

म्हणजे अठ्ठावीसपर्यंत काही मी बरी होत नाही. खूप विचार केला. बरं झाल्यावर जाऊ, असं ठरवलं तर मी मरेपर्यंत नऊ पावलांतच राहीन. म्हणून आहे तशी येते. तिकिटाची तारीख काल बदलली. सत्तावीसला दुपारी पोचते.

कोटांच्या उरलेल्या अस्तरात रेनकोटचं कापड घालून आतून लावायला आठ जाड घड्या शिवल्यात, बाजारात मिळतात त्यापेक्षा चांगल्या झाल्यात. आणि माझ्या अटी ऐका. पुढची, कडेची सीट माझी. बस थांबवायची असली तर मी थांबवणार, तुम्ही मधे पडायचं नाही. मला हसवायचं नाही. हे तुम्हाला जमणार नाही, तरी लिहून ठेवते.

ह्यांना सांगितलं, जातेय म्हणून. म्हणाले, "छातीचं काय करू?" मी म्हटलं, आता दुखायचं थांबलं तरी चालेल. ते उठले, माझी पिशवी माळ्यावरून काढली आणि पट्टे ओढून बघत बसले. बराच वेळ बसले.

वहिनी

३ एप्रिल

अहो,

पोचलो. वन्सं आंघोळीला गेल्यात. कॉम्प्युटर रिकामा आहे तोवर लिहून घेते, नाहीतर त्या शेजारी बसून शब्द सुचवतात.

ती बारा तासांची बस झाली परवा रात्री. सांगू की नको असं झालंय, पण तुम्हालाच सांगायचंय. माझी सीट पुढची, कडेची. शेजारी वन्सं. त्यांनी पाच मिनिटांत शेजारपाजारच्या सगळ्यांचे दात बघून घेतले. पहिला दीड तास छान गेला. मी आखडत होते, मोजत होते. दोन तासांनी मोजणं हुकायला लागलं. तिकीट खिडकीवरच्या माणसाकडून "थांबा" साठी इथला शब्द मी दुपारी पाठ करून घेतला होता. तो ऐन वेळी डोक्यातून पार पुसला गेला. उठले, ड्रायव्हरपाशी गेले. त्याने बोट हलवलं. वन्संना हलवलं होतं तेच बोट असणार. आणि मला काय झालं कोण जाणे, मी चाळीस माणसांत मराठीत ओरडले, "अहो, थांबवा गाडी! मला लागलीये!"

हे मी तुमच्यासमोर सुद्धा चार वर्षांत मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्याने पुन्हा बोट हलवलं. मी हलले नाही. त्याच्या कानाशी उभी राहून दर मिनिटाला तेच म्हणत राहिले, "लागलीये. लागलीये." वन्संनी मधे पडायचं नाही असं ठरलं होतं म्हणून त्या तोंडात मफलर कोंबून बसल्या होत्या. शेवटी त्याने कचकन ब्रेक मारला आणि दार उघडलं.

बाहेर मोकळं रान. मला वाटलं, आता सगळी बस काचेला नाक लावून मला बघणार. तर माझ्या मागून एक बाई उतरली. मग दुसरी. मग दोन पाठपिशवीवाल्या पोरी. मोजल्या मी, अकरा बायका उतरल्या! सगळ्या तास न् तास दात-ओठ आवळून बसलेल्या. आम्ही एकमेकींकडे पाठ करून गोल केला आणि आळीपाळीने आत गेलो. एक पोरगी हसायला लागली आणि मग सगळ्याच. मी पण हसले. हसता आलं मला, जागा बरोबर होती. दुसऱ्या बाजूला बापे उतरले होते आणि सगळ्यांत शेवटी ड्रायव्हर स्वतः.

गंमत पुढेच आहे. पहाटे तीनच्या सुमाराला माझा जरा डोळा लागला होता. मागच्या बाकावरून तीच हसणारी पोरगी उभी राहून ओरडली, "लागलीये!" चक्क मराठीत. तिला वाटलं असणार, ड्रायव्हरला थांबवायचा हाच शब्द. आणि त्याने थांबवली हो! मुकाट्याने. सगळ्या पुन्हा उतरल्या. वन्सं सुद्धा गेल्या. मी आत बसून होते, कारण मला गरज नव्हती. कितीतरी वेळ माझा त्यावर विश्वासच बसेना.

सगळं छान झालं असं नाही. उतरायच्या आधी अर्धा तास एक घडी बदलावी लागली, वन्संनी चादर धरली. पण काही आकाश कोसळलं नाही.

त्या दिवशी दारात तुम्ही मला काही विचारलं नाहीत, आणि माझ्याऐवजी तुम्ही खाली बसलात. मी त्यावर अवाक्षर बोलले नव्हते. मला बोलता येत नव्हतं. आता सांगते, चौतीस वर्षांत मला तुम्ही त्या दिवसाइतके कधी आवडला नव्हता. हे वाचून लगेच दुकानात पळू नका, दोनदा वाचा.

अंडी गार पाण्यात घालून मग शेगडी लावायची. वन्संच्या खोलीची किल्ली टपालाने पाठवली आहे, शिडी काढून छत पुसून घ्या.

आम्ही परत यायची तारीख दहा दिवस पुढे गेलीये. शुक्रवारची बस चौदा तासांची आहे. तिकिटं मी काढली.

तुमची